‘घरी न्या’ म्हणण्याचा अधिकार कोणी दिला?

मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरला की आपल्याकडे अनेक रुग्णांचा निकाल पाच मिनिटांत लागतो. सोनोग्राफीच्या कागदावर ‘यकृतात गाठी’ एवढे शब्द दिसतात. डॉक्टर मुलाला बाजूला घेतात आणि म्हणतात, ‘‘आता काही उपयोग नाही. घरी न्या, सेवा करा.’’ गाठी किती, केवढ्या, यकृताच्या कोणत्या भागात, याची चौकशी नाही. यकृताच्या सर्जनला रिपोर्ट दाखवणे तर दूरच. घर चालवणारा, पन्नाशीचा, चालताबोलता माणूस एका वाक्यात मेल्यांत जमा होतो! हा निकाल कशाच्या आधारावर दिला, असा आमचा जाहीर सवाल आहे.

आधार तर नेमका उलट सांगतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात यकृतावर शस्त्रक्रिया झालेल्या १००१ रुग्णांचा हिशेब डॉ. युमान फाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडला. पाच वर्षे जगणारे ३७ टक्के निघाले, दहा वर्षे जगणारे २२ टक्के. त्यांनी पाच प्रश्न ठरवले. आतड्याचा कॅन्सर लसिकाग्रंथींत पोचला होता का? मूळ कॅन्सरनंतर वर्षाच्या आत यकृतातला रोग दिसला का? गाठी एकाहून जास्त आहेत का? सर्वांत मोठी गाठ पाच सेंटिमीटरच्या वर आहे का? रक्तातले सीईए हे कॅन्सरसूचक प्रथिन २०० च्या वर आहे का? प्रत्येक ‘हो’ला एक गुण. शून्य गुणांचे ६० टक्के रुग्ण पाच वर्षे जगले, पाचही गुणांचे १४ टक्के. म्हणजे सर्वांत वाईट गटातही सातातला एक! त्याच रुग्णालयाने २००७ मध्ये ६१२ रुग्णांची दहा वर्षांची हकिगत छापली. त्यातले १०२ जण दहा वर्षांनंतरही हयात होते आणि ज्यांच्याबाबत आशा कमी होती असेही काही त्यांत होते.

प्रत्येकावर शस्त्रक्रिया करा, असे आमचे म्हणणे नाही. रोग यकृताबाहेर फार पसरला असेल किंवा गाठी काढल्यावर पुरेसे यकृत उरणार नसेल, तर सुरी न लावणेच शहाणपणाचे. शस्त्रक्रियेनंतर निम्म्याहून अधिक रुग्णांत रोग परततो. हे दडवून ‘काढून टाकू, ठणठणीत होतील’ असे सांगणाराही तितकाच दोषी. पण नकार द्यायचा तर तोही कागद पाहून, मोजून, सर्जन आणि केमो देणारे डॉक्टर एकत्र बसून द्यावा.

आणि ती मोजणी आपली हवी. फाँग यांचे रुग्ण १९८५ ते १९९८ मधले, आजची बरीच औषधे येण्याआधीचे, आणि अमेरिकेतले. केमोची तारीख एसटीच्या भाड्यापायी चुकवणाऱ्या सोलापूरच्या शेतमजुराचे भविष्य त्या आकड्यांवरून किती काळ वर्तवणार? मोजणे आपल्याला जमत नाही, ही सबब महाराष्ट्राने तरी सांगू नये. देशातली पहिली कॅन्सर नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि ग्रामीण भागातली पहिली १९८७ मध्ये बार्शीत. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून रुग्ण शोधले, नोंदले. मग शस्त्रक्रिया झालेला माणूस पाच वर्षांनी आहे की गेला, हे विचारणारा एक फोन रुग्णालयाला का जड जावा? महात्मा फुले योजनेतून सरकार कॅन्सरच्या शस्त्रक्रियांचे पैसे देते. त्या पैशाबरोबर सरकारने पाच वर्षांचा हिशेब मागावा, आणि रुग्णालयवार जाहीर करावा. हिशेब न देणाऱ्याचे पुढचे बिल थांबवावे.

तोवर वाचकहो, तुमच्या घरी अशी वेळ आली आणि कोणी ‘घरी न्या’ म्हणाले, तर उठू नका. ‘‘हा सीटी स्कॅन यकृताच्या सर्जननी पाहिलाय का?’’ एवढे विचारा. उत्तर ‘नाही’ आले, तर स्कॅनची सीडी, बायोप्सी आणि सीईएचे रिपोर्ट मागून घ्या आणि त्याच आठवड्यात मोठ्या कॅन्सर रुग्णालयात दाखवा.