लिफ्टचा परवाना कुणाच्या नावावर?

पूर्वी सावनेरकरांचा लिफ्टशी संबंध यायचा तो नागपूरला गेल्यावर. धंतोलीत डॉक्टरकडे, नाहीतर सीताबर्डीवर खरेदीला. आता आपल्याच तालुक्याच्या गावी तीन-चार मजली कॉम्प्लेक्स उभी राहत आहेत. खाली कापडाचं दुकान, वर ट्यूशन क्लास, त्यावर दातांचा दवाखाना. गुडघे दुखणाऱ्या खालाजानसाठी लिफ्ट ही मोठी सोय आहे, यात वाद नाही. पण ही सोय सांभाळायची कुणी, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलंच नसतं.

लिफ्टमध्ये पाऊल ठेवताना आपल्याला भीती वाटते ती दोर तुटण्याची. खरं तर लिफ्टला एकच दोर नसतो, अनेक असतात, आणि ते गरजेपेक्षा कितीतरी पट मजबूत घेतलेले असतात. शिवाय पिंजरा ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने खाली येऊ लागला, तर त्याच्या पाचरी बाजूच्या रुळांना घट्ट पकडतात. दोर तुटला तरी पिंजरा थांबतो, हे ओटिस नावाच्या अमेरिकन कारागिराने 1854 साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात भर गर्दीसमोर दोर कापायला लावून दाखवलं होतं. आज ही व्यवस्था प्रत्येक धडक्या लिफ्टमध्ये असते.

जीव जातो तो बऱ्याचदा दारापाशी. नोव्हेंबर 2020 मध्ये मुंबईत धारावीच्या एका इमारतीत पाच वर्षांचा मुलगा लिफ्टच्या आतल्या आणि बाहेरच्या दारांमध्ये अडकला, लिफ्ट सुरू झाली आणि तो गेला. सोबत त्याच्या बहिणी होत्या, त्या आधी बाहेर पडल्या होत्या. सप्टेंबर 2022 मध्ये मालाडच्या एका शाळेत तास संपवून स्टाफरूमकडे निघालेली सव्वीस वर्षांची शिक्षिका लिफ्टमध्ये शिरत असतानाच लिफ्ट वर निघाली. तीही वाचली नाही. मी स्वतः शिक्षिका असल्यामुळे असेल, ती बातमी माझ्या मनातून जात नाही. दिवसातून दहा वेळा आपण असेच घाईत या वर्गातून त्या वर्गात जात असतो.

दाराचा नियम साधा आहे. सगळी दारं पूर्ण लागल्याशिवाय लिफ्ट हलता कामा नये, आणि लिफ्ट समोर आल्याशिवाय मजल्यावरचं दार उघडता कामा नये. यासाठी प्रत्येक दाराला कुलूप आणि विजेचा संपर्क असतो. तो संपर्क बिघडला की लिफ्ट बंद पडते. मग दुकानदार ओरडतात, गिऱ्हाईक परत जातं, आणि कुणीतरी जुगाडू मिस्त्री एक तार जोडून तो संपर्कच वगळून टाकतो. लिफ्ट पुन्हा धावू लागते, सगळे त्याला शाबासकी देतात. ती लिफ्ट आता उघड्या दारानेही धावते, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या मते अशी चालू लिफ्ट बंद लिफ्टपेक्षा वाईट. बंद लिफ्टने निदान कुणाचा जीव घेतलेला नाही.

जाळीच्या दारांच्या जुन्या लिफ्टमध्ये आणखी एक धोका आहे, आणि तो आपल्या घरातल्या बायकांना जास्त. बुरख्याचा घेर, ओढणीचं टोक, साडीचा पदर जाळीत सहज अडकतो. आत गेल्यावर कपडा आवरून घ्यावा, लहान मुलाचा हात धरून त्याला आधी बाहेर काढावं, आपण मागून निघावं. दार लावायचं काम मुलांवर कधीच सोडू नये. त्यांना त्यात मजा वाटते, म्हणूनच.

आता कायदा. महाराष्ट्रात लिफ्टसाठी 1939 पासून कायदा आहे. 2017 साली त्याच्या जागी नवा कायदा झाला आणि त्यात सरकते जिनेही आले. सरकारी कागदात लिफ्टला ‘उद्वाहन’ म्हणतात. वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला तेव्हा एका मुलीने तो ‘उद्यान’ असा वाचला, आणि मला तिला रागवावंसं वाटलं नाही. तर, लिफ्ट बसवण्याआधी परवानगी लागते, चालवण्याआधी परवाना लागतो. देखभाल अधिकृत कंत्राटदाराकडेच द्यावी लागते. सरकारी निरीक्षकाची ठरावीक मुदतीने तपासणी असते आणि लिफ्ट वापरणाऱ्यांसाठी विमा काढणं मालकावर बंधनकारक आहे. अपघात झाला तर तो कळवावा लागतो, निरीक्षकाने पाहिल्याशिवाय लिफ्ट पुन्हा सुरू करता येत नाही. हे काम ऊर्जा विभागाच्या विद्युत निरीक्षकांकडे आहे. त्यांचं कार्यालय नागपुरात आहे.

या सगळ्यात ‘मालक’ हा शब्द महत्त्वाचा. मी एका कॉम्प्लेक्समध्ये विचारलं, लिफ्टचा परवाना कुणाच्या नावावर आहे? दुकानदार म्हणाले, “मॅडम, ते बिल्डरचं काम हो.” बिल्डर सगळे गाळे विकून मोकळा झालेला. गाळेधारकांची सोसायटी झालेली नाही. देखभालीचा करार पहिल्या वर्षानंतर कुणी वाढवला नाही, कारण पैसे कोण भरणार यावर एकमत नाही. तळमजल्यावाला म्हणतो, मी लिफ्ट वापरतच नाही. तिसऱ्या मजल्यावाला म्हणतो, मी एकटा का भरू? हिशेबाने दोघांचंही खरं. पण त्याच लिफ्टमध्ये दुसऱ्यांची लेकरं रोज क्लासला जातात, ती त्या सगळ्यांकडे अमानत आहेत.

उपाय अवघड नाही. गाळेधारकांनी एकत्र बसून सोसायटी नोंदवावी. बिल्डरकडून परवाना, नकाशे आणि तपासणीचे कागद लेखी मागून घ्यावेत, परवाना आपल्या नावावर करून घ्यावा आणि देखभालीचा करार दरवर्षी वाढवावा. खर्च गाळ्यांत वाटला की एकेकाच्या वाट्याला येतो तो जड नसतो. गाळा भाड्याने घेणाऱ्यानेही करार करण्याआधी हे कागद पाहायला मागावेत. क्लासला मूल घालताना आपण फी विचारतो, निकाल विचारतो. लिफ्टचंही विचारावं.

आणखी एक. पिंजऱ्यात पाटी असते, 8 व्यक्ती, 544 किलो. म्हणजे माणशी 68 किलो धरलेले. टाइल्सची खोकी आणि कापडाचे गठ्ठे त्यात चढवले की हा हिशेब कोलमडतो आणि ताण ब्रेकवर येतो. सामान जिन्याने न्यावं, नाहीतर मालाची वेगळी लिफ्ट बसवावी.

लिफ्ट मध्येच अडकली तर दार जोर लावून उघडू नये, फटीतून उडी तर मुळीच मारू नये. पाय घसरला की माणूस पिंजऱ्याखालच्या मोकळ्या विहिरीत जातो, किंवा अर्धा बाहेर असताना लिफ्ट हलते. आत हवा येण्यासाठी झडपा असतात, गुदमरण्याची भीती नको. घंटा वाजवा, फोन करा, खाली बसून राहा. आणि फोन कुणाला करायचा, तो मिस्त्रीचा नंबर पिंजऱ्याच्या आत मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि उर्दूत, रंगवलेला असू द्या.