कुणाचं जनावर?

परवा माझा एक जुना विद्यार्थी काठी टेकत घरी आला. साक्रीहून पिंपळनेरला येताना रात्री रस्त्यात बसलेल्या काळ्या बैलावर त्याची मोटारसायकल आदळली होती. पायात सळई आहे, शेत वाट्याने दिलंय. म्हणाला, "सर, गर्दी खूप जमली, पण बैल कुणाचा ते एकानंही सांगितलं नाही."

मी गप्प राहिलो. का, ते शेवटी सांगतो.

माझ्या पिढीला कोंडवाडा आठवत असेल. १८७१ च्या कायद्यातली ती सोय. पिकात शिरलेलं किंवा रस्त्यावर मोकाट फिरणारं जनावर तिथे जायचं आणि मालक दंड व चाऱ्याचे पैसे भरून सोडवून न्यायचा. त्या दंडाच्या तक्त्यात हत्तीसुद्धा होता! पण दंडापेक्षा चारचौघांत तिथे उभं राहायची लाज मोठी. आता बऱ्याच गावांत कोंडवाडा नावालाच उरला आहे.

कायदा आजही मालकालाच धरतो. भारतीय न्याय संहिता जुलै २०२४ पासून लागू झाली. तिचं कलम २९१ सांगतं, की आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही लावता येतो. पण लावायचा कुणावर? गाडीने धडक दिली तर नंबर असतो, विमा असतो. बैलाचा मालक मात्र अपघात होताच नाहीसा होतो.

खरं तर जनावरालाही आता नंबर आहे. कानातला बारा आकडी बिल्ला. १ जून २०२४ पासून राज्यात त्याच्याशिवाय गुरांची खरेदी-विक्री करता येत नाही. मग तोच आकडा अपघातानंतर का बघू नये? बिल्ला कापून सोडणारेही निघतील. पण मग तो निष्काळजीपणा राहत नाही, उघड लबाडी ठरते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरची मोकाट गुरं उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. चांगलंच झालं. पण नुसता केर काढत राहिलं आणि टाकणाऱ्याला विचारलंच नाही, तर अंगण स्वच्छ कसं राहणार?

आता दुसरी बाजू. ट्रॅक्टर आला, बैलाचं काम गेलं. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही. चारा मात्र रोज लागतो. शेजारच्या गुजरातने २०२२ मध्ये शहरांतल्या गुरांसाठी कडक कायदा मंजूर केला आणि पशुपालकांच्या विरोधामुळे त्याच वर्षी मागे घेतला. नुसत्या दंडाने भागत नाही, ते असं.

म्हणून मला वाटतं, दावं सोडलं म्हणजे मालकी सुटली असं होता कामा नये. बिल्ल्यावरून मालक शोधावा, भरपाई घ्यावी. आणि ज्याला खरोखर पोसवत नाही, त्याला नाव लिहून, झेपेल तेवढे पैसे भरून जनावर जमा करता येईल असा कोंडवाडा ग्रामपंचायतीने पुन्हा उभा करावा.

आता माझं. काही वर्षांपूर्वी आमच्या जर्सी गाईला गोऱ्हा झाला. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, सोडून देऊ का?" मी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता 'हं' म्हटलं. तो गोऱ्हा पुढे कुणाच्या चाकासमोर आला, ते मी कधी विचारलं नाही.

असो. विद्यार्थ्याला हे तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. तो हे वाचेल.