दार लावा, दिवे मालवा

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे ड्युटीवर होत्या. दोन दहशतवादी आत घुसून पहारेकऱ्यांवर गोळ्या झाडताना त्यांनी खिडकीतून पाहिले. त्यांनी कक्षाची दारे लावली, दिवे मालवले आणि २० गर्भवतींना छोट्याशा पॅन्ट्रीत नेऊन बसवले. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या. तिला भिंतीच्या कडेकडेने, जिना चढवत त्यांनी प्रसूतिगृहात पोहोचवले आणि बाळ सुखरूप जन्मले. केवढे हे प्रसंगावधान! निसटता आले तर निसटावे, नाहीतर दार अडवून, फोनचा आवाज बंद करून दडावे, हेच आज सगळीकडे शिकवले जाते. ओलीस म्हणून सापडलोच, तर पहिली काही मिनिटे सर्वांत धोक्याची असतात. तेव्हा हुज्जत नको, झटापट नको, अचानक हालचाल नको. पोलीस आत शिरले की जमिनीवर पडून राहावे, हात रिकामे दिसू द्यावेत. बाहेरच्यांचीही जबाबदारी मोठी आहे. मुंबईवरच्या त्या हल्ल्याच्या थेट प्रक्षेपणामुळे हल्लेखोरांच्या पाकिस्तानातल्या सूत्रधारांना पोलिसांच्या हालचाली कळत होत्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांना त्याबद्दल खडसावले. आज तोच कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. सेलू तालुक्यातल्या वालूरसारख्या गावात जादा कुमक यायला वेळ लागणारच. म्हणून वालूरकरांनो, असा प्रसंग आलाच तर आधी ११२ लावा, गर्दी करू नका आणि पोलिसांचा व्हिडिओ गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजिबात टाकू नका.