लाड नव्हे, दखल



तरुणांना नाटक-चित्रांपेक्षा शिस्तीची गरज आहे, असे सांगणारे पत्र गेल्या अंकात वाचले. शिस्त हवीच, पण ती नाटकातून येत नाही, हे गृहीतक पटत नाही. नाटककार रत्नाकर मतकरी यांच्या पुढाकाराने २०१४ साली ठाण्यात सुरू झालेला ‘वंचितांचा रंगमंच’ पाहावा. तिथे वस्त्यांतली मुले आपल्याच जगण्यातले विषय निवडून नाटिका रचतात आणि स्वतः सादर करतात. तालमीला एक जण उशिरा आला, की सगळ्यांचा प्रवेश अडतो; ही शिस्त छडीपेक्षा खोल रुजते.

गोड बोलण्याने मुले बिघडतात, हा दुसरा आक्षेप. आपुलकीने बोलणे म्हणजे खोटी वाहवा नव्हे. ‘तुला काही जमत नाही’ याऐवजी ‘हे वाक्य मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, सावकाश म्हण’ असे सांगितले, तर चूकही कळते आणि मानही राहतो. नाटकातून नोकरी मिळेल का, हा प्रश्न रास्त आहे. पण स्पर्धा परीक्षांत जागा मोजक्या आणि उमेदवार अफाट. माणसाची किंमत निकालाच्या यादीवरच ठरू लागली, तर बहुतेक तरुण मनाने खचतील. विकासात मागे राहिलेल्या ‘आकांक्षित जिल्ह्यां’च्या सरकारी यादीत असलेल्या आपल्या जिल्ह्याला हे परवडणारे नाही. जानेवारी २०२० मध्ये ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवणाऱ्या धाराशिवने शहरातली एखादी शाळा संध्याकाळी अशा तालमींसाठी खुली करावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, धाराशिव