भूक कोणत्या भाषेत मोजावी?

संपन्न अमेरिकेतही भूक आहे, याची कबुली तेथील सरकारचेच आकडे देत आले आहेत. १९९५ पासून जनगणना खाते शेतीखात्याच्या वतीने कुटुंबांना अन्नाविषयी प्रश्न विचारीत आले: मुले नसलेल्या घरास १०, मुले असलेल्या घरास १८. तीन प्रश्नांना होकार आला की कुटुंब अन्न-असुरक्षित ठरे. २०२३ साली अशी कुटुंबे शेकडा १३.५ होती, हिस्पॅनिक, म्हणजे मुख्यतः लॅटिन अमेरिकी मूळ असलेल्या, कुटुंबांत शेकडा २१.९.

हा दुसरा आकडा तरी पुरा आहे काय? सारख्याच हलाखीतील दोन कुटुंबांनी, एक इंग्रजी बोलणारे असो वा दुसरे स्पॅनिश, एका प्रश्नास सारखेच उत्तर देण्याचा संभव असला पाहिजे. न्याय्य मोजमापाची हीच कसोटी होय. प्रश्नावलीतील ‘समतोल जेवण’ हा शब्दप्रयोग घ्या. समतोल म्हणजे काय हे ज्याला कोणी कधी सांगितले नाही, तो पोट भरले एवढ्यावरच समाधान मानील. शिवाय मेक्सिको, क्यूबा आणि पोर्तो रिको येथील स्पॅनिश बोली एक नव्हे. तीनांपैकी एक होकार असा गळला, की कुटुंबच हिशेबातून गळते.

भाषेच्या जोडीला भय आहे. अन्नसाहाय्य घेणे हे कायम वास्तव्याचा परवाना नाकारण्यास कारण ठरू शकेल, असा नियम २०१९ मध्ये झाला. २०२१ मध्ये तो गेला. परंतु मनातील धास्ती सरकारी हुकुमाने जात नसते.

यावर उपाय आहे. प्रत्येक प्रश्न दोन्ही भाषांत सारखा चालतो की नाही हे संख्याशास्त्राने तपासावे, आणि त्याची शब्दरचना ती भाषा बोलणाऱ्या गरिबांकडूनच पारखून घ्यावी. ट्रम्प सरकारने मात्र वेगळाच मार्ग पत्करला. जुलै २०२५ मध्ये अन्नसाहाय्याला कात्री लावणारा कायदा झाला, आणि सप्टेंबरात ही पाहणीच खर्चिक व राजकीय ठरवून यापुढे बंद केल्याची घोषणा झाली. सदोष मोजपट्टी दुरुस्त करावयाची असते. ती मोडली म्हणजे कपात कोणाच्या ताटातून झाली हे विचारण्याचे साधनच लोकांच्या हातून जाते.

आपल्या कार्यकर्त्यांनीही यातून बोध घ्यावा. आदिवासी पाड्यांवर प्रमाण मराठीतील प्रश्न वाचून दाखविणे म्हणजे पाहणी नव्हे. प्रथम तेथील बोलीत, तेथील बायाबापड्यांकडून प्रश्न तपासून घ्यावेत. मगच आकडे घेऊन तहसील कचेरीवर जावे.