परदेशी जाहिरातींवरील कर : एक सोडून दिलेला हक्क

साहित्यास वाहिलेल्या मासिकात कराची चर्चा कशाला, असे कित्येक वाचक विचारतील. त्यांचे समाधान आधी केले पाहिजे. मराठी वृत्तपत्रे आणि नियतकालिके केवळ वर्गणीवर क्वचितच जगली आहेत. इतवारीतील सराफाने, सीताबर्डीवरील कापडवाल्याने आणि महालातील औषधविक्रेत्याने जाहिरातीची जागा विकत घेतली, म्हणून त्या जागेशेजारी कथा, कविता व परीक्षणे छापता आली. आज त्याच दुकानदाराच्या जाहिरातीचा मोठा वाटा गूगल व मेटा या अमेरिकन कंपन्यांच्या हाती गेला आहे. ग्राहक जिकडे गेले तिकडे जाहिरातही गेली, यात दुकानदाराचा दोष नाही. परंतु जो पैसा पूर्वी येथेच फिरत असे आणि ज्यावरील नफ्याचा कर येथील तिजोरीत पडत असे, त्यातील बराचसा नफा आता येथे कर न भरता परदेशी जातो. त्यावर कर बसविण्याचा जो एक मार्ग आपण स्वतः काढला होता, तो २०२५ साली आपण आपल्याच हातांनी बंद केला. आमची तक्रार या कृत्याविरुद्ध आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०१६ च्या वित्त अधिनियमाने 'इक्वलायझेशन लेव्ही' नावाची आकारणी सुरू झाली. आपण तिला समानीकरण शुल्क म्हणू. भारतात ज्यांचे स्थायी कार्यालय नाही अशा परदेशी कंपनीस येथील व्यावसायिकाने ऑनलाइन जाहिरातीसाठी वर्षाकाठी एक लाख रुपयांहून अधिक रक्कम दिल्यास तीतून शेकडा सहा कापून सरकारजमा करावयाचे, असा तिचा नियम होता. १ जून २०१६ पासून तो अमलात आला. २०२० साली परदेशी ई-व्यापार कंपन्यांच्या येथील विक्रीवर शेकडा दोन असे दुसरे शुल्क बसले. अमेरिकेने त्याच वर्षी चौकशी आरंभली, जानेवारी २०२१ मध्ये हे दुसरे शुल्क पक्षपाती ठरविले आणि भारतीय मालावर जादा जकात बसविण्याचा धाक घातला. ते शुल्क १ ऑगस्ट २०२४ पासून गेले. पहिले शुल्क, अमेरिकेच्या नव्या जकातींची घोषणा तोंडावर आली असता, १ एप्रिल २०२५ पासून गेले.

हे शुल्क मुळात बसवावे का लागले? परदेशी व्यापाऱ्याच्या नफ्यावर कर कोणी घ्यावा याचे जे नियम आज जगात चालतात, त्यांचा पाया १९२० नंतरच्या दशकात राष्ट्रसंघाच्या आश्रयाखाली घातला गेला. त्यांचे सार असे की, व्यापाऱ्याची कचेरी, कारखाना वा पेढी ज्या देशात असेल, त्या देशाने तिच्यातून होणाऱ्या नफ्यावर कर घ्यावा. आगबोटी आणि तारायंत्रे यांच्या काळात हा नियम सोयीचा होता. पेढीवाचून परदेशात मोठा व्यापार सहसा होत नसे. आज बर्डीवरील दुकानाची जाहिरात धंतोलीतील गृहिणीस दाखविण्यासाठी कंपनीस नागपुरात एक खुर्चीही ठेवावी लागत नाही. गूगलच्या भारतीय कंपनीने न्यायासनापुढे अशी भूमिका घेतली की, आपण जाहिरातीच्या जागेचे केवळ वितरक आहोत आणि आयर्लंडमधील भगिनी-कंपनीस द्यावयाच्या रकमेवर येथे कर लागत नाही. बंगळूरच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये हे म्हणणे अमान्य केले. उच्च न्यायालयाने प्रकरण फेरविचारास परत धाडले. आणि २०२२ मध्ये त्याच न्यायाधिकरणाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कंपनीने कायदा मोडला, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. कायदाच जुना झाला आहे, एवढे यावरून दिसते.

नागपूरकरांस या प्रसंगात एका जुन्या प्रकरणाची आठवण व्हावी. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. १८९४ साली तिजोरीच्या अडचणीमुळे परदेशी कापडावर शेकडा पाच आयात-जकात बसली, तेव्हा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी ओरड केली की, हे हिंदी गिरण्यांस दिलेले संरक्षण होय. १८९६ मध्ये ती जकात साडेतीन टक्क्यांवर आली आणि दोन्ही पारडी समान राहावीत म्हणून हिंदी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी बसली. पैसा हवा होता सरकारास; कराचे मान ठरविले मँचेस्टरच्या तक्रारीने; आणि भार पडला नागपूर, मुंबई व अहमदाबाद येथील गिरण्यांवर. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कायदेकौन्सिलात या अबकारीविरुद्ध आवाज उठविला, तरी तिची वसुली थांबावयास १९२५ चा डिसेंबर उजाडावा लागला. त्या गिरणीच्या जागेवर आज एम्प्रेस मॉल उभा आहे.

हे दोन्ही प्रसंग सर्वस्वी सारखे आहेत, असे आमचे म्हणणे नाही. त्या वेळी आपल्यावर कर लादला गेला, या वेळी आपला कर काढविला गेला. त्या वेळी निर्णय परक्यांचा होता, या वेळी तो आपल्या संसदेचा आहे. साम्य आहे ते इतकेच की, आपल्या बाजारातील कर परदेशी उत्पादकाच्या तक्रारीने ठरला. परंतु त्या अबकारीविरुद्ध पिढीभर भाषणे झाली आणि लेख लिहिले गेले. हे शुल्क मात्र वित्त विधेयकातील एका दुरुस्तीने, फारसा गाजावाजा न होता गेले. स्वतंत्र देशातील सुशिक्षितांस हे मौन शोभणारे नाही.

आता आक्षेपांचा विचार करू. शुल्काचा भार परदेशी कंपनीवर न पडता येथील दुकानदारावरच पडत होता, हा पहिला आक्षेप; आणि तो पुष्कळ अंशी खरा आहे. ज्या कंपनीवाचून दुकानदाराचे चालत नाही, ती शुल्काची रक्कम त्याच्याच माथी मारू शकते. शिवाय हे शुल्क नफ्यावर नसून मिळालेल्या रकमेवर होते. नफा होवो वा न होवो, ते कापले जाई. परंतु यावरून निष्कर्ष निघतो तो असा की, ओबडधोबड शुल्काच्या जागी नफ्यावरील नीट कर आणावा. काहीच आणू नये, असा निष्कर्ष यातून कसा निघतो, हे आम्हांस कळत नाही.

दुसरा आक्षेप पक्षपाताचा. दोन टक्क्यांचे शुल्क लागू होईल अशा ११९ कंपन्यांपैकी ८६ अमेरिकन आहेत, असे अमेरिकेच्या चौकशीत नमूद झाले. पण एका गल्लीतील बहुतेक दुकाने एकाच घराण्याची असली, तर गल्लीवरील कर बहुतांशी त्याच घराण्यास भरावा लागणार. त्यास द्वेष कसे म्हणावे? भारतीय कंपन्या या शुल्कातून मोकळ्या होत्या हे खरे, पण त्या आपल्या नफ्यावर येथे प्राप्तिकर भरतात.

तिसरे काही जण म्हणतात, परदेशी डिजिटल सेवांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहेच. तो आहे, परंतु तो सेवा घेणाऱ्याने द्यावयाचा उपभोगावरील कर आहे, कंपनीच्या नफ्यास तो स्पर्श करीत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. अमेरिका रुष्ट झाली तर तिरुपूरचे कपडे आणि सुरतेचे हिरे अडतील, आपल्या मिहानमधील संगणक-कंपन्यांतील तरुणांच्या नोकऱ्यांस धोका पोहोचेल, असे म्हणतात. ही भीती पोकळ नाही. लक्षावधी लोकांच्या पोटाचा प्रश्न असता सरकारने काही सोडले, तर त्यास लगेच दोष देणे अन्यायाचे होईल. आमचा प्रश्न निराळा आहे : सोडले, त्याच्या मोबदल्यात मिळविले काय? व्यापाराची बोलणी पुरी होण्यापूर्वीच शुल्क काढले गेले. त्यानंतर पाचच महिन्यांत, ऑगस्ट २०२५ मध्ये, भारतीय मालावर प्रथम २५ टक्के आणि नंतर रशियन तेलाच्या कारणावरून आणखी २५ टक्के जकात अमेरिकेने बसविली. कॅनडाने जून २०२५ मध्ये अशाच दडपणाखाली आपला डिजिटल कर मागे घेतला, हे खरे. परंतु ब्रिटनने २०२० पासूनचा आपला दोन टक्क्यांचा कर कायम ठेवूनच मे २०२५ मध्ये अमेरिकेशी व्यापारी करार जाहीर केला. हातचे नाणे सौदा ठरण्यापूर्वी टाकून द्यावयाचे नसते, हे इतवारीतील कोणताही व्यापारी सांगेल.

मग करावे काय? तेच शुल्क पुन्हा आणा, असे आम्ही म्हणत नाही. परदेशी कंपनीची कचेरी येथे नसली तरी तिची येथील उलाढाल दोन कोटी रुपयांवर किंवा वापरणारे तीन लाखांवर गेले, तर तिचे येथे लक्षणीय आर्थिक अस्तित्व आहे, हे तत्त्व आपल्या प्राप्तिकर कायद्याने यापूर्वीच स्वीकारले आहे. ते लुळे पडले आहे ते करारांमुळे; द्विपक्षीय कर-करारांत कचेरीचा जुना नियमच चालतो, आणि अमेरिकेशी असलेला आपला करार १९८९ चा आहे. म्हणून हे करार बदलून घेणे, हे पहिले काम. श्रीमंत राष्ट्रांच्या संघटनेत २०२१ साली मान्य झालेली वाटणीची योजना अमेरिकेच्या असहकारामुळे अडली आहे. तेव्हा संयुक्त राष्ट्रांत कर-सहकार्याच्या जागतिक करारासाठी चाललेल्या वाटाघाटींत भारताने पुढाकार घेणे, हे दुसरे. आणि नवा कर येईल तेव्हा त्याची झळ लहान दुकानदारास लागू नये अशी तजवीज करणे, हे तिसरे.

त्या शुल्कातून तिजोरीत पडणारी रक्कम केंद्र सरकारच्या एकूण उत्पन्नाच्या मानाने फार मोठी नव्हती. तिच्यावाचून राज्य अडणार नाही. परंतु आपल्या लोकांच्या लक्षावर आणि आपल्या दुकानदारांच्या पैशावर ज्यांचा व्यापार चालतो, त्यांच्या त्या नफ्यात आपल्या देशाचा वाटा आहे, हे म्हणणे त्या शुल्काने जगापुढे मांडले होते. ते म्हणणे आजही खरे आहे. सरकार ते पुन्हा मांडील तेव्हा मांडील. तोवर ते मांडीत राहणे हे लेखक, प्राध्यापक आणि वृत्तपत्रकार यांचे कर्तव्य आहे.