कंपनीचा फलक आणि बाळंतिणीचा हक्क



कंपनीच्या पैशातून भरणारे माता-बाल आरोग्य शिबिर आता आपल्याला नवे राहिलेले नाही. मंडप पडतो, फलक लागतो, गर्भवतींचे वजन होते, बोटाला सुई टोचून रक्त तपासतात. "रक्त कमी आहे," असे सांगून गोळ्यांची पाकिटे हातावर ठेवतात. फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी मंडप सुटतो आणि रक्त कमी असलेली बाई निंदणाला जाते. तिने गोळ्या घेतल्या का, रक्त वाढले का, हे विचारायला पुन्हा कोण येतो?

शिबिर वाईट, असे आम्ही म्हणत नाही. पण एका दिवसाच्या मदतीला उपकार समजून आपण हात जोडतो आणि वर्षभराचा हक्क मात्र मागत नाही, हे आम्हाला खटकते.

पहिली गोष्ट ही की, हा पैसा मेहेरबानीचा नाही. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्चावेत, असा हा नियम. यालाच सीएसआर म्हणतात. कुपोषण दूर करणे आणि आरोग्यसेवा ही त्या कामांच्या यादीतच आहेत.

पण कंपनीने आपल्या परिसराला पसंती द्यावी, असेही त्याच कायद्यात आहे. मोठे कारखाने मुंबई-पुण्याकडे. परतवाड्याकडे काय? संत्रा, कापूस आणि लाकूड. अचलपूरची फिनले मिलही २०२० च्या टाळेबंदीत थांबली. म्हणजे जिथे आई अशक्त, तिथे नफाही नाही आणि नफ्यातला वाटाही नाही! म्हणून केवळ कंपन्यांच्या भरवशावर आपली बाळंतपणे सोडता येणार नाहीत.

आईचा भार मालकाने उचलावा, ही गोष्ट बाबासाहेबांनी फार आधी मांडली. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी सांगितले की, आईला बाळंतपणाच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे यात देशाचे हित आहे. हा भार मुख्यतः सरकारने उचलावा. पण बाईच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकालाही त्यातून सुटका नाही. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात हा कायदा झाला. १९४३ मध्ये मजूरमंत्री असताना त्यांनी खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात सुधारणा आणली. पुढे १९६१ चा देशव्यापी कायदा आला आणि २०१७ मध्ये पगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. मात्र कापूस वेचणारी, धुणीभांडी करणारी बहीण या रजेच्या बाहेरच राहिली.

बांधकामावर जाणाऱ्या भगिनींसाठी मात्र एक वाट आहे. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो आणि तो कामगार कल्याणकारी मंडळात जमा होतो. वर्षात ९० दिवस काम करून नोंदणी केलेल्या महिलेला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी साध्या प्रसूतीला १५,००० आणि शस्त्रक्रियेला २०,००० रुपये मिळतात. हाही मालकाचाच पैसा. पण इथे फोटो काढावा लागत नाही, नोंदणी करावी लागते.

आता कामाची गोष्ट. बाळ कशाने वाचते? गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. आज आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, त्यामागे हेच काम आहे. जीव वाचवते ती पुन्हा पुन्हा दारात येणारी बाई.

उलट आपल्या शेजारचे हरिसाल पाहा. २०१६ मध्ये राज्य शासन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी धारणी तालुक्यातले हे गाव डिजिटल करण्याचे काम घेतले. दूरच्या डॉक्टरचा सल्ला पडद्यावर मिळावा, हाही त्याचा भाग होता. २०१९ च्या निवडणुकीत तिथल्या सोयी चालू आहेत की बंद, यावरच जाहीर सभांतून वाद रंगला. यंत्र आणणे सोपे. ते रोज चालवणारा माणूस टिकवणे कठीण.

म्हणून उद्या वस्तीत कंपनीचा फलक लागला, तर महिला मंडळाने चार प्रश्न विचारावेत. काम किती वर्षे चालणार? रक्त कमी निघालेल्या बाईकडे पुन्हा कोण येणार? आशाताई आणि अंगणवाडीताईला यात घेतले आहे का? खर्च किती, आणि त्याचा हिशेब कुठे पाहायला मिळेल?

आणि कंपनी येवो न येवो, हे आपले आहेच : दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतीची मोफत तपासणी. शासकीय रुग्णालयात शस्त्रक्रियेसह मोफत बाळंतपण, औषधे, रक्त आणि जेवण. नेण्या-आणण्यासाठी १०२ क्रमांकाची गाडी. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाल्यास ६,०००. लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या आणि त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत. धाप लागणे, पायावर-चेहऱ्यावर सूज, डोळ्यांपुढे अंधारी किंवा रक्तस्राव दिसला तर शिबिराची वाट पाहू नका. अचलपूरचे उपजिल्हा रुग्णालय गाठा. तिथून अमरावतीच्या डफरीनला पाठवले तर पुढे सुमारे पन्नास किलोमीटर आहे. तो वेळ आधीच हिशेबात धरा.

महिला मंडळाने एक वही घालावी. वस्तीतल्या प्रत्येक गर्भवतीचे नाव, नववा महिना कधी, रक्त किती, गोळ्या चालू आहेत का, एवढेच त्यात लिहावे आणि दर आठवड्याला तिच्या घरी एक फेरी मारावी. याला कुठल्या कंपनीचा पैसा लागत नाही.